जांभ्याच्या मुलखातून रेडीकडे

ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यास १८८६ साली रत्नागिरीस आणून नजरकैदेत ठेवल्यानंतर इंग्रज सरकारने त्याच्यासाठी जो वाडा उभारला, आणि ज्यात तो १९१० पासून १९१६ साली देह ठेवीपर्यंत राहिला, त्याच्या सज्जात उभे राहून खाली भाट्याची खाडी पाहताना माझे लक्ष राहून राहून भिंतीच्या जांभ्याकडे जात होते. या राजाच्या अमलात मोगोकच्या माणकांच्या खाणी होत्या. माणिक तेथे संगमरवरात सापडते. हिंदुस्थानची भूमी आशियास भिडून हिमालय उठला त्या उलथापालथीत, भूगर्भातील दाबाने व उष्णतेने, तेथील चुनखडक न वितळता घनरूपातच पुन्हा स्फटिकीभूत झाला आणि त्यातील अॅल्युमिनियमास क्रोमियमच्या लेशाने तो रक्तवर्ण लाभला. रूपांतरित खडक म्हणतात तो असा. जांभा मात्र या कुळातला नव्हे. काळ्या दगडाचा हा पालट उघड्या आभाळाखाली, युगानुयुगे कोसळणाऱ्या पावसाने सिलिका व चुना धुऊन नेल्यामुळे घडलेला आहे.

खरे रूपांतरित खडक पाहावयाचे तर दक्षिणेस उतरावे लागते. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो मुलूखही रत्नागिरीच्याच कलेक्टराच्या अखत्यारीत होता. पण कणकवली-मालवणकडे काळ्या दगडाचे आच्छादन सरत जाते आणि २५० कोटी वर्षांहून जुने धारवाडी खडक उघडे पडतात, ही सरहद्द कोणत्याही दप्तरात नोंदलेली नव्हती. असा दगड हाती आला की भूवैज्ञानिक प्रथम पाहतो ते त्याला पापुद्रे आहेत की नाहीत. चिकणमातीपासून झालेल्या खडकावर दाब व उष्णता वाढत गेली की अभ्रकाचे कण दाबाशी काटकोनात आडवे होतात. प्रथम पाटीचा दगड, मग चमकदार सुभाजा, आणि अखेर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म. वालुकाश्माचा क्वार्टझाइट किंवा चुनखडकाचा संगमरवर यांत आडवे व्हावयास अभ्रकच जवळजवळ नसते, म्हणून ते पापुद्र्यांवाचून राहतात. वंशावळ विचारण्यापूर्वी अंगकाठी पाहणारी ही रीत मला महसुली प्रतवारीहून अधिक सरळ वाटते.

रेडीस यशवंतगडाच्या पायथ्याशी पोहोचल्यावर दोन्ही पालट एकत्र भेटतात. प्राचीन सागरतळी थरांनी साचलेले लोह व सिलिका रूपांतरणाने पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्टझाइट झाले. पुढे पावसाने त्यातलीही सिलिका धुऊन नेली, लोहाचे प्रमाण वाढले, आणि म्हणूनच ते खनिज खणून जहाजांत भरून परदेशी धाडणे परवडू लागले.