कुवेतच्या बर्रमध्ये दोन रात्री

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की कुवेतमधल्या मुलांच्या तोंडी एकच शब्द असतो, 'बर्र'. बर्र म्हणजे वस्तीबाहेरचे मोकळे वाळवंट. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत नगरपालिका तिथे तंबू ठोकायची परवानगी देते आणि मग कुवेती कुटुंबे चांगली वातानुकूलित घरे सोडून तंबूत राहायला जातात. आपल्याला हे नवल वाटते. पण 2016 च्या जुलैमध्ये इथल्या मित्रिबात पारा 53.9 अंशांवर गेला होता. अशा देशात हिवाळ्याची थंडी अंगावर घ्यायला लोक का धावतात, ते एक उन्हाळा काढला की कळते.

आम्ही रत्नागिरीकडचे. अब्बांची नोकरी इथलीच, आता आमचीही. तरी बर्रला आम्ही कधी गेलो नव्हतो. लहानपणी हट्ट केला की अब्बा म्हणायचे, "वाळूत काय बघायचंय? त्यापेक्षा समुद्रावर चला." पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले. यंदा हिवाळ्यात दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा ऑफिसातल्या एका कुवेती सहकाऱ्याने सगळ्यांना दोन रात्रींसाठी आपल्या तळावर बोलावले. अब्बा म्हणाले, "तुम्ही जा. मी घर सांभाळतो."

कारण आम्हाला ठाऊक होते. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा अब्बा इथे एकटे होते, आम्ही अम्मीबरोबर गावी. त्या दिवसांत एक लाखाहून अधिक हिंदी माणसे जॉर्डनमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी परतली. कोकणात असे मोहल्ले आहेत, जिथे घरटी एक माणूस त्यांत होता. बसने बसरा, तिथून बगदाद, मग जॉर्डनची हद्द. हद्दीवरच्या छावणीत अब्बांनी नऊ रात्री तंबूत काढल्या. दिवसा तंबूत बसवत नसे आणि पाण्याच्या रांगेतून हलता येत नसे. एवढेच त्यांनी सांगितले, तेही एकदाच. शेवटी धाकट्या नातीने त्यांची चप्पल गाडीत नेऊन ठेवली आणि ते निघाले.

तळ सुबियाला होता. 2019 मध्ये झालेल्या जाबेर पुलावरून खाडी ओलांडून उत्तरेला जायचे. सुमारे 36 किलोमीटरचा रस्ता, बराचसा समुद्रावरून! पलीकडे उतरलो तर मुलांची निराशा झाली. त्यांना चित्रातल्या वाळूच्या टेकड्या हव्या होत्या, इथे नजर पोचेल तिथवर सपाट, खडीमिश्रित जमीन. मधूनमधून वाळलेली झुडपे. ती अर्फजची, वसंतात तिला पिवळी फुले येतात आणि तेच कुवेतचे राष्ट्रीय फूल. पूर्वी बदू लोक तिचेच सरपण करीत. आता ती कमी झाली आहे, म्हणून यजमानांनी काडीही मोडू दिली नाही. दुसरी ताकीद त्याहून कडक होती: जमिनीवर धातूचे काही दिसले तर हात लावायचा नाही, लगेच मोठ्यांना सांगायचे. 1991 च्या युद्धातले न फुटलेले सुरुंग आणि गोळे आजही वाळूत सापडतात.

बसायच्या मोठ्या तंबूत लाल-काळ्या पट्ट्यांचे सदूचे विणकाम टांगलेले होते. बदू बायका जमिनीलगतच्या मागावर लोकरीचे हे पट्टे विणतात. 2020 मध्ये युनेस्कोने सौदी अरेबिया आणि कुवेतच्या या कलेला आपल्या वारशाच्या यादीत घेतले. अब्बा मात्र दाराशी खुर्ची टाकून बाहेरच बसले.

मगरिबच्या वेळी मुलाला तयम्मुम करायचा होता, वाळवंटात आलोय म्हणून. अब्बा म्हणाले, "टाकी भरलेली आहे ना? मग मुकाट्याने पाण्याने वुजू कर." पाणी बर्फासारखे होते. गावी आपण मावळतीकडे तोंड करून उभे राहतो, इथे किबला नैर्ऋत्येला. हिवाळ्यातल्या मावळत्या सूर्याच्या थोडे डावीकडे वळायचे, हे अब्बांनी मोबाइल न बघता सांगितले.

रात्री वाळवलेले काळे लिंबू घातलेला मचबूस आला. आम्हीही तांदळाचे पीठ नेले होते, निखाऱ्यांवर भाकऱ्या टाकल्या. यजमानांचे वडील साधारण अब्बांच्याच वयाचे. भाकरी खाताना त्यांनी विचारले, "90 साली तुम्ही कुठे होता?" अब्बांनी सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही उत्तरेला गेलात, आम्ही दक्षिणेला." बायकामुले गाडीत घालून, रस्ता सोडून, वाळूतून त्यांनी सौदीची हद्द गाठली होती. मग दोघांचे बोलणे अरबीत सुरू झाले आणि आमच्या पोटापुरत्या अरबीच्या पलीकडे गेले. गल्लीतली दुकाने, पावाचे भाव, कोण मागे राहिला, कोण परत आलाच नाही. चहाच्या दोन किटल्या संपल्या. अब्बा कधी आत येऊन गादीवर टेकले, ते कुणाच्या लक्षात आले नाही.

बाहेर मुलांना आभाळ दाखवायचे होते. कृत्तिकांच्या झुमक्याला अरबीत सुरैय्या म्हणतात हे कळल्यावर नातीला हसूच आवरेना. गावच्या फुफीचे नाव तेच!

आता आमची चूक. रात्री पारा पाच-सहा अंशांवर आला. शेगडी झोपायच्या तंबूत न्यायची नाही, असे यजमान दोनदा बजावून गेले होते. गोधड्यांतही मुले कुडकुडत होती, म्हणून आम्ही विझत आलेले निखारे "थोडाच वेळ" म्हणून आत आणले, पडदा बांधला आणि झोपलो. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास. बंद तंबूत माणूस झोपेतून उठतच नाही. मध्यरात्री जाग आली ती थंड वाऱ्याने. पडदा सताड उघडा होता, शेगडी बाहेर वाळूत पालथी पडली होती आणि अब्बा एकेका मुलाला हलवून उठवत होते. आमची डोकी ठणकत होती. मुलांनी कुरकुरत डोळे उघडले, अल्हम्दुलिल्लाह. अब्बा रागावले नाहीत. नवी जागा म्हणून झोप लागली नाही का, असे विचारले तर म्हणाले, "नवी कुठली? तंबूत मला अशीच झोप लागते." फजरपर्यंत ते पडद्याशी बसून राहिले. आम्हाला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी यजमानांच्या आईने फग्याची गोष्ट काढली. गडगडाटासह चांगला पाऊस झाला तर हिवाळा सरता सरता जमिनीखाली लहान बटाट्यासारखे अळंबे धरते. जमिनीला बारीक तडा दिसला की काठीने उकरायचे. याचेच अरबी नाव कम्आ, हदीसमध्ये ज्याला 'मन'पैकी म्हटले आहे आणि ज्याचे पाणी डोळ्यांना शिफा आहे ते. अब्बांनी कुठे, कधी, किती खोल, सगळे बारकाईने विचारून घेतले.

परतताना पुलावर ते बराच वेळ गप्प होते. शहराचे मनोरे दिसू लागले तेव्हा म्हणाले, "माझं तिकीट 20 जानेवारीचं आहे ना? फेब्रुवारीचं करून मिळतंय का बघा."