टाकळ्याच्या रानात कुरण

उभी हयात विलेपार्ल्यात गेलेल्या माझ्या काकांनी निवृत्तीनंतर मुरबाड तालुक्यातली वडिलोपार्जित वरकस जमीन पुन्हा हाती घेतली. पूर्वी तिथे नाचणी आणि वरई होत असे. कसणारं कोणी उरलं नाही, तशी ती पडीक झाली. दादर, कल्याण आणि पुढे एसटी करत मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो तेव्हा रानभर टाकळा माजला होता. बांधाच्या कडेने गाजर गवत होतं. काकांनी ठरवलं, आता इथे धान्य पेरायचं नाही, गुरांसाठी कुरण करायचं.

शेजारच्या आजोबांनी मात्र लगेच अडवलं. “आत्ताच गुरं सोडू नको, बाबा. गवत तेवढं खातील नि टाकळा ठेवतील.”

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. टाकळ्याचा कोवळा पाला आपण भाजीला खुडतो, पण वाढलेल्या टाकळ्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. चराई जितकी जास्त, तितकी गवताची पीछेहाट आणि टाकळ्याला रान मोकळं. म्हणून काकांनी तो शेंगा धरण्याआधीच कापायला लावला, म्हणजे बी जमिनीत पडणार नाही.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. 1955-56च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण पुढे देशभर पसरलं. ते खाल्लं तर जनावरांच्या दुधाला कडवटपणा येतो, आणि माणसाच्या कातडीला खाज सुटते. हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी ते मुळासकट उपटणं हाच आमचा उपाय होता.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्या सरींनंतर पेरणीची घाई केली नाही. तण उगवू दिलं, मग नांगर फिरवून ते गाडलं आणि त्यानंतरच जमीन चाऱ्याला दिली. मारवेल गवताचे ठोंब ओळीत लावले, मधल्या जागेत स्टायलो फोकला. स्टायलो शेंगवर्गातला, हवेतला नत्र जमिनीत आणणारा. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं, म्हणून 80 अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून त्या रात्रभर भिजवल्या. बारीक बी सारखं पडावं म्हणून त्यात वाळू मिसळली आणि वरून मातीचा अगदी पातळ थर दिला.

पहिल्या वर्षी एकही जनावर आत सोडलं नाही. काकांसमोर उदाहरण होतं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही पाळली. डोंगरावरचं गवत गुरांनी तुडवण्याऐवजी माणसांनी कापून न्यायचं, हा तिथला शिरस्ता. त्याने मुळं टिकतात, बी पडतं, पावसाचं पाणी मुरतं. आम्हीही कापूनच शेजाऱ्यांच्या गोठ्यात चारा पोहोचवला.

आता रानाचे चार भाग केले आहेत. गाई एका भागात चरतात तेव्हा बाकीचे विसावतात, आणि चार-सहा इंच बुंधा उरला की त्यांना पुढे हलवतात. पावसाळा सरताना एक भाग बी झडेपर्यंत बंद असतो. टाकळा अजून बांधाकडेला उगवतो, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात कोयत्याची एक फेरी ठरलेली. आजोबांनीही यंदा त्यांच्या पडीक तुकड्यासाठी आमच्याकडून मारवेलचे ठोंब नेले आहेत.