उडालेले आणि उरलेले

आमच्या मेजावर सध्या अमेरिकेच्या 'सॅटर्न-५' ह्या अग्निबाणाची प्लास्टिकची प्रतिकृती उभी आहे. धर्मग्रामातील एका शाळकरी मुलाने सुट्टीत ती जुळवून आम्हांला भेट दिली. तिचे प्रमाण १:१४४. मूळ अग्निबाण सुमारे ११० मीटर उंच. ही जेमतेम पाऊण मीटर. ह्या मापाने माणूस मुंगळ्याएवढा ठरतो आणि ज्या शंकूत तीन अंतराळवीर बसत, तो बोराएवढा.

प्रतिकृती आकार दाखवते, भार दाखवत नाही. ती पोकळ आहे. मूळ अग्निबाण उड्डाणसमयी सुमारे २,९०० टन भरे. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग इंधनाचा आणि ते जाळण्यासाठी लागणाऱ्या द्रवरूप ऑक्सिजनचा. पहिला टप्पा अडीच-पावणेतीन मिनिटांत रिता होऊन समुद्रात पडे. मग दुसऱ्याचीही तीच गत होई. तिसरा यानाला चंद्राच्या वाटेला लावून मोकळा होई. माघारी येई तो बोराएवढा शंकू आणि त्यातील माणसे.

"फादर, चंद्रावर माणसे नेणारा खरा अग्निबाण कुठे ठेवलाय?" मुलाने विचारले. "कुठेच नाही, बाळ. तो वाटेतच संपला," आम्ही म्हणालो. त्याचा चेहरा उतरला.

१९६७ ते १९७३ ह्या काळात असे १३ अग्निबाण उडाले. त्यांतील एकही अखंड राहिला नाही. ह्यूस्टन, केनेडी अंतराळ केंद्र आणि हंट्सव्हिल येथे आज तीन सॅटर्न-५ पाहावयास मिळतात, पण ते कधीच न उडालेल्या भागांचे. काही भाग चाचणीसाठीच बांधलेले, तर काही चंद्रमोहिमा आटोपत्या घेतल्यामुळे मागे राहिलेले. तिन्ही आडवे निजवून ठेवले आहेत. हंट्सव्हिलला १९९९ साली पूर्ण आकाराची एक प्रतिकृतीही उभारली गेली. तेथे अस्सल आडवा आहे आणि नक्कल ताठ उभी!

जे उडाले ते उरले नाहीत. जे उरले ते उडाले नाहीत. उरलेल्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यामुळेच तर त्या भव्यतेची कल्पना येते. पण जतन होणे म्हणजेच सार्थक होणे नव्हे, एवढे मात्र त्यांच्याकडून शिकावे.

आमची आई वारली तेव्हा तिच्या पेटीत दोन लाल लुगडी आणि एक झिजलेली रोझरी निघाली. दागिना एकही नव्हता. ते आम्हा भावंडांच्या शिक्षणापायी एकेक करून गेले होते. त्या रिकाम्या पेटीचे तेव्हा फार वाईट वाटले. आज तिचा अभिमान वाटतो.