लाल गालिच्याच्या मागची बाजू

मैत्रिणींनो, गोव्याला जायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो समुद्र, मंगेशी-शांतादुर्गेचं दर्शन आणि परतताना घ्यायची काजूची पाकिटं. पण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जाणार असाल, तर दोन दिवस पणजीसाठी राखून ठेवा. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तेव्हा तिथे भरतो. आधी नाव नोंदवलं की गळ्यात ओळखपत्र अडकवून तुम्हा-आम्हालाही जाता येतं. सिनेमे तर पाहाच, पण सोबत एखादा साधा कॅमेराही असू द्या. आणि तो नटनट्यांवर रोखण्याऐवजी जरा मागे वळवा.

हा महोत्सव पहिल्यांदा भरला १९५२ साली, मुंबईत. पुढे बरीच वर्षं तो निरनिराळ्या शहरांतून फिरला आणि २००४ पासून पणजीत स्थिरावला. मांडवीच्या काठी जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची पोर्तुगीज काळातली इमारत आहे. त्याच आवारात चित्रपटगृहं आहेत. तिथून नदीकाठाने चालत गेलं की कांपालला कला अकादमी लागते. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू १९८३ साली पुरी झाली. पायांत चपला मऊ असल्या की रिक्षाचीही गरज नाही!

फोटो काढायचे तर सकाळी लवकर जावं, पहिला खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी. लग्नघरी पहाटे मागच्या दारी जी लगबग असते ना, अगदी तशी तिथे दिसते. कुणी शिडीवर चढून दिव्यांच्या माळा तपासतोय, कुणी कालचे फलक उतरवून आजचे लावतोय. कॉलेजच्या मुली डोळे चोळत मदतकेंद्राच्या टेबलाशी बसताहेत. चहाचा ट्रे या सगळ्यांमधून फिरतोय. ऊन कोवळं असतं, चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडत नाहीत. दुपारच्या उन्हात कॅमेरा पिशवीत ठेवलेलाच बरा. मग संध्याकाळी पाचनंतर पुन्हा बाहेर काढा. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधीचा अर्धा-पाऊण तास मांडवीवरचा उजेड फार सुरेख असतो.

प्रक्षेपणाच्या खोलीत आपल्याला प्रवेश नसतो, पण तिथलं काम माहीत असावं. पूर्वी रिळांचे डबे येत. दोन तासांच्या सिनेमाला मोठी सहा रिळं तरी लागत. आता सिनेमा हार्ड डिस्कवर येतो आणि त्याला चक्क कुलूप असतं. किल्ली वेगळी येते, तीही ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. ती वेळेवर पोचली नाही की पडदा काळाच! आपण रांगेत कुरकुरत असतो, तेव्हा आत कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.

आता मला खरं सांगायचंय ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई वाकून लाल गालिचा झाडत होती. उन्हाची तिरीप तिच्या पाठीवर पडलेली, धुळीचे कण चमकताहेत आणि मागे महोत्सवाचा मोर. मी जवळ जाऊन विचारलं, "फोटो काढू का?"

"काढा," ती म्हणाली, "पण असा नको."

तिने केरसुणी खांबामागे ठेवली. नळावर हात धुतले, पदर सारखा केला, केसांची पिन नीट खोचली आणि मोराच्या बरोबर खाली ताठ उभी राहिली. शेजारी एक छायाचित्रकार उभे होते. हळूच म्हणाले, "ताई, झाडतानाचा घ्या. तोच खरा फोटो."

त्यांचंही काही खोटं नव्हतं. केरसुणी नसेल तर हा गालिचा कुणी झाडला, हे पाहणाऱ्याला कळणार कसं? पण ती बाई ऐकत होती. म्हणाली, "झाडताना तर मला रोजच सगळे बघतात."

मी तिला हवा तसाच काढला. मग वाटलं, आपलं तरी काय वेगळं असतं? घरातली माणसं आपला फोटो काढतात तो पोळ्या लाटताना, कपाळावर घाम नि केस विस्कटलेले. "थांब गं, अशीच छान दिसतेस!" म्हणतात. आपण मात्र मनात म्हणत असतो, अरे, निदान साडी तरी बदलू द्या!

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या त्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून येत ते पतीच्या नावाने. फोटो काढणाऱ्या बाईलासुद्धा आपलं नाव मिळायला वेळ लागला, मग फोटोतल्या बाईला आपलं रूप ठरवायचा हक्क कोण देणार? तो आपणच द्यायला हवा, नाही का?

म्हणून जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. आधी विचारा, मगच बटण दाबा. नको म्हटलं तर हसून पुढे व्हा. काम खोळंबेल अशा जागी उभ्या राहू नका. अंधारात चित्रपटगृहातल्या पडद्याचे फोटो मुळीच काढू नका. काढलेला फोटो त्या माणसाला दाखवा आणि जमल्यास त्याची प्रत करून द्या. मी दुसऱ्या दिवशी बाजारातल्या स्टुडिओतून प्रत करून आणली. तिने ती ओल्या हाताने घेतली नाही. आधी हात पुसले, मग दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली आणि ब्लाउजमध्ये न ठेवता जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, वर्तमानपत्राच्या घडीत, जपून ठेवली.

नटनट्यांचे फोटो काय, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फुकट बघायला मिळतात!