खानदेशच्या शाळांमधली पाखरं

तुमच्या शाळेच्या ऑफिसात एक जाडजूड रजिस्टर असतं. त्याला म्हणतात जनरल रजिस्टर. शाळा सुरू झाल्यापासून आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात असतं आणि एका रकान्यात लिहिलेलं असतं : 'शाळा सोडल्याची तारीख'. पण शाळा सोडल्यावर ते मूल कुठं गेलं, पुढं त्याचं काय झालं, हे काही त्या रजिस्टरात नसतं. त्याचाच शोध घ्यायला यंदा जानेवारीत मी आणि माझी भाची दोन दिवस खानदेशात भटकलो. त्याची ही गोष्ट.

झालं असं, की माझी ताई धुळ्याजवळच्या एका लहान गावात राहते. तिची मुलगी नववीत. दहावीनंतर तिला पुण्याला शिकायला पाठवायचं, असं ताईच्या मनात. आणि पोरगी तर रुसून बसलेली! मी गेलो त्या संध्याकाळी ताईनं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. खानदेशातल्या हिवाळ्यात यापरता दुसरा मेवा नाही. पण ही ताटाला हात लावेना.

"मामा," ती म्हणाली, "आमच्या वर्गाला दोनच खिडक्या. प्रयोगशाळेचं कुलूप महिन्यातून एकदा उघडतं. इथं शिकून कोणी मोठं झालंय का? पुण्याच्या मुलींपुढं माझा काय निभाव लागणार? त्यापेक्षा मी इथंच बरी."

ताई काहीच बोलली नाही. तव्यावरची भाकरी मात्र तिनं जरा जोरातच उलटली.

मी म्हटलं, "सव्वीस जानेवारी सोमवारी आहे. शनिवार-रविवार मोकळे आहेत. चल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जाऊ. सोमवारी झेंडावंदनाला परत."

शनिवारी सकाळी आम्ही आधी गेलो गोंदूरला. हे गाव धुळ्याला अगदी खेटून आहे. धुळ्याचं विमानतळ इथलंच. सगळीकडे काळी जमीन, कापसाची वाळलेली झाडं आणि लांबवर पसरलेलं माळरान. याच गावात १९ फेब्रुवारी १९२५ ला एका सुताराच्या घरी मुलगा जन्मला. राम वनजी सुतार. वडील गावातली सुतारकामं करायचे. घरात पैसा नव्हता, पण मुलाच्या बोटांत जादू होती. आणि ती ओळखणारे एक गुरू त्याला भेटले, श्रीराम कृष्ण जोशी. त्यांनी त्याला शिकवलं, धीर दिला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखवली. तिथं १९५३ मध्ये या गोंदूरच्या मुलानं मूर्तिकलेचं मेयो सुवर्णपदक पटकावलं!

पुढं काय? आधी त्यांनी वेरूळ-अजिंठ्याच्या जुन्या शिल्पांच्या डागडुजीचं काम केलं. मग दिल्ली गाठली. संसदेच्या आवारातला ध्यानस्थ बसलेला गांधीजींचा पुतळा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तो त्यांचाच. आणि गुजरातमध्ये नर्मदेच्या काठी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला, जगातला सर्वांत उंच, त्याचे शिल्पकारही हेच. वयाची शंभरी पूर्ण करून डिसेंबर २०२५ मध्ये ते गेले.

"एकशेब्याऐंशी मीटर म्हणजे केवढं मामा?"

"तुमच्या शाळेसारख्या पन्नास शाळा एकावर एक रचल्यास ना, तरी कमीच पडतील."

ती हसली. पण लगेच म्हणाली, "त्यांना जोशी गुरुजी भेटले म्हणून!" मी म्हटलं, हे मात्र खरं. जोशी गुरुजींचा पुतळा कुठं आहे, मला ठाऊक नाही. पण त्या १८२ मीटरमध्ये थोडी उंची त्यांचीही आहे.

तिथून आम्ही एस.टी.नं निघालो नंदुरबारला. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी ते धुळे जिल्ह्यातच होतं. आमच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी अहिराणीत विचारलं, "कथा जाई ऱ्हायनी बेटा?" भाचीनं सांगितलं, शिरीषकुमारचं स्मारक पाहायला. आजोबांनी नुसते हात जोडले.

शिरीषकुमार मेहता हा नंदुरबारचा शाळकरी मुलगा. १९४२ साल. गांधीजींनी 'चले जाव'ची हाक दिली होती. ९ सप्टेंबरला नंदुरबारात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. हातात तिरंगा घेऊन शिरीष पुढं होता. पोलिसांनी मिरवणूक अडवली, बंदुका रोखल्या. मुलींवर बंदूक रोखलेली पाहून तो समोर झाला, असं गावातले लोक आजही सांगतात. गोळ्या सुटल्या. शिरीष पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. शिरीषचं वय होतं पंधरा.

पंधरा! म्हणजे माझ्या भाचीएवढंच. स्मारकापुढं ती बराच वेळ गप्प उभी होती. मग हळूच म्हणाली, "मामा, याच्या रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण काय लिहिलं असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येईल का?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भल्या पहाटे अमळनेरची गाडी धरली. अमळनेर बोरी नदीच्या काठी आहे. इथं प्रतापशेठजींनी कापडगिरणी काढली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही काढलं. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञान! त्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला कोकणातल्या पालगडचा एक तरुण आला आणि १९२४ मध्ये इथल्या शाळेत मास्तर झाला. ओळखलंत ना? बरोबर, साने गुरुजी! आज ही शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते.

गुरुजी शिकवायचेच, पण वसतिगृहही सांभाळायचे. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं, आईच्या आठवणीनं रडणारी. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडून ठेवायचे, मळके कपडे धुऊन टाकायचे. मुलांना वाचायला मिळावं म्हणून १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक सुरू केलं. अशी सहा वर्षं गेली. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. म्हणजे पाहा, मुलंच शाळा सोडतात असं नाही, कधी मास्तरही सोडतात. त्यांच्या हाताखालची कित्येक मुलं पुढं स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरली.

गंमत म्हणजे नोकरी सोडल्यावर गुरुजी स्वतःच विद्यार्थी झाले. त्यांची शाळा कुठली, तर धुळ्याचा तुरुंग! १९३२ मध्ये विनोबा भावे तिथं कैदेत होते. दर रविवारी ते गीतेवर बोलायचे. अशी अठरा प्रवचनं झाली आणि ती भराभर लिहून घेतली साने गुरुजींनी. तेच आजचं 'गीता प्रवचने' हे पुस्तक. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं.

रविवार असल्यामुळं शाळा बंद होती. फाटकाच्या गजांतून भाची आत पाहत राहिली. "वसतिगृहात राहायला गेलं की रडू येतंच का मामा?" तिनं विचारलं. तेव्हा मला कळलं, की दोन खिडक्या आणि प्रयोगशाळेचं कुलूप हे वरवरचं होतं. खरी भीती निराळीच होती.

अमळनेरहून आम्ही रेल्वेनं जळगावला निघालो. वाटेत धरणगाव लागतं. बालकवी ठोंबरे यांचं हे जन्मगाव. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा तिथं उभा राहिला आणि त्याच्या कविता ऐकून अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पुढं अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, १९१८ मध्ये, जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वे अपघातात ते गेले.

जळगावला उतरल्यावर आम्ही आर. आर. विद्यालय पाहिलं. या शाळेतली एक मुलगी पुढं मूळजी जेठा कॉलेजात गेली, टेबल टेनिसमध्ये तिनं बक्षिसं मिळवली, वकील झाली आणि १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी आमदार म्हणून निवडून आली. २००७ मध्ये ती भारताची पहिली महिला राष्ट्रपती झाली. प्रतिभाताई पाटील!

"म्हणजे जे गावातून बाहेर गेले तेच मोठे झाले," भाची म्हणाली. तिचा चेहरा पुन्हा उतरला.

मी म्हटलं, थांब जरा. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन घे. मुंबईला कायदा शिकले, सरकारी नोकरी चालून आली होती. ती नाकारून ते जळगावला परतले आणि १९६३ मध्ये घरातल्या शिलकीच्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला लागले. पुढं त्यांच्याच कारखान्यानं ठिबक सिंचन शेताशेतात नेलं. झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी! केळीच्या बागांना त्याचा केवढा आधार झाला. आणि कवी ना. धों. महानोर? ते जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीच्या शाळेत शिकले. कॉलेजचं एक वर्ष जेमतेम केलं आणि पळसखेड्याला शेतीवर परत गेले. शेतात राबून त्यांनी कविता लिहिल्या, पद्मश्री मिळवली. उलट यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे पुण्याला शिकायला गेले. पंचविसाव्या वर्षी त्यांची 'कोसला' कादंबरी आली. तिचा नायकही खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला गेलेला मुलगाच. गाव सोडून गेले, पण गाव काही त्यांनी सोडलं नाही. २०१४ साठीचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला.

"कोणी गेलं, कोणी परत आलं," मी म्हटलं. "पण ज्यानं त्यानं आपलं आपण ठरवलं. भिऊन नाही."

शेवटी आम्ही जुन्या जळगावातल्या चौधरीवाड्यात गेलो. बहिणाबाई चौधरींचं घर. जन्म जवळच्याच आसोद्याचा, १८८० चा. त्यांचं नाव मात्र कुठल्याच शाळेच्या रजिस्टरात नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या ओव्या रचायच्या आणि मुलगा सोपानदेव त्या उतरवून घ्यायचा. त्या १९५१ मध्ये वारल्या आणि दुसऱ्या वर्षी पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांचं नाव हजारो मुलांच्या पदवीवर छापलं जातं!

भाची म्हणाली, "मामा, त्या शाळेत गेल्या असत्या तर?"

परतीच्या बसमध्ये अंधार झाला होता. तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. तिला ती कोणीच सांगितली नव्हती. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढं शिकायचं तर सहा मैलांवर तालुक्याला जावं लागे. घरात एकच सायकल. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि अभ्यासात माझ्या कितीतरी पुढं. पण सायकल मिळाली मला. ताई कापूस वेचायला जायला लागली. त्या मजुरीतून माझी फी भरली जायची. तिच्या रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण लिहिलंय, 'घरकामासाठी'. मी कधी तिला विचारलं नाही, तुला शिकायचं होतं का म्हणून. विचारायला हवं होतं.

भाची खिडकीबाहेर पाहत राहिली. धुळं येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

सोमवारी सकाळी झेंडावंदनाला जाण्याआधी ती स्वयंपाकघरात गेली. मी ओसरीवर बूट घालत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, तुला शिकायचं होतं का गं?"

बराच वेळ आतून फक्त स्टोव्हचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "भूगोल फार आवडायचा मला. नकाशा न बघता काढायचे मी, नद्यांसकट."

"मग मी पुण्याला गेले की दर रविवारी तुला पत्र लिहीन. फोन नाही, पत्र. आणि तूही लिहायचं. नकाशा काढून."

"आणि रडू आलं तर?"

"तेही लिहीन."

ताई बाहेर आली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती. मला म्हणाली, "धूर झाला जरा." स्टोव्हचा कसला आलाय धूर!

तर दोस्तांनो, तुमच्या शाळेतली पाखरं कुठं कुठं गेली, शोधा बरं. गुरुजींना विचारा, बाईंना विचारा. जे मोठे झाले त्यांची नावं तर मिळतीलच. पण सुरुवात घरापासून करा. आपल्या आईला, आजीला विचारा, तू शाळा का सोडलीस? आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा.