आकडे तिने नाही, घड्याळाने बदलले



आज एका चुकीबद्दल लिहिते आहे. चूक माझीच आहे.

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही सातवीच्या मुलांसोबत एक इलेक्ट्रॉनिक स्टॉपवॉच तयार केलं. त्यात ५५५ नावाची आयसी होती. ती सेकंदाला दहा ठोके द्यायची, दुसऱ्या आयसी ते ठोके मोजायच्या आणि लाल डिस्प्लेवर आकडे दिसायचे. वीज सहा सेलच्या डब्यातून. त्याच डब्यावर पुठ्ठ्याचं चाक फिरवणारी छोटी मोटरही जोडली होती, मॉडेल छान दिसावं म्हणून!

मग दोरीला दगड बांधून एक मीटर लांबीचा लंबक केला. त्याचे दहा हेलकावे साधारण वीस सेकंदांत होतात. मोजायचं काम एका मुलीकडे दिलं. तिच्या वहीत आकडे होते २०.३, २०.९, २०.१, २१.०. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "मनाने आकडे लिहू नकोस. नीट मोज." ती एवढंच म्हणाली, "बाई, मी नीटच मोजलंय," आणि खाली बसली. दोन दिवस तिने हात वर केला नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. "बाई, तुमच्या मोबाईलवर आणि आपल्या घड्याळावर एकदमच मोजायचं का?" आम्ही मोजलं. मोबाईलवर आलं २०.०, २०.१, २०.१, २०.०. आमच्या घड्याळावर २०.२, २०.८, २०.४, २०.९. बटण दाबणारी तीच, लंबक तोच. माझ्या लक्षात आलं की मुलगी नव्हे, घड्याळ अडखळत होतं.

पुढे असणं वेगळं, अडखळणं वेगळं

बऱ्याच घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवतात. त्याने काही बिघडत नाही, कारण आपण पाच मिनिटं वजा करतो. पण तेच घड्याळ कधी दोन, कधी सात मिनिटं पुढे असेल तर काय वजा करणार? ठोका कधी थोडा आधी, कधी थोडा उशिरा पडतो, त्याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये जिटर म्हणतात. आमच्या घड्याळात दोन्ही दोष होते. ते थोडं पुढेही धावत होतं आणि अडखळतही होतं.

तालुक्याला टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना सर्किट दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मोटर आणि घड्याळ एकाच सेलवर का?"

५५५ चं काम मी मुलांना बादलीवरून सांगितलं. आयसीला जोडलेला एक कंडेन्सर विजेने भरत जातो. पुरवठ्याच्या दोन तृतीयांश खुणेला पोचला की रिकामा व्हायला लागतो, एक तृतीयांशला आला की पुन्हा भरतो. या भरण्या-रिकामं होण्यातून ठोका मिळतो. आता बादलीवरची खूणच थरथरली तर? पाणी कधी लवकर खुणेला लागेल, कधी उशिरा. मोटर फिरताना पुरवठा थरथरतो, आणि खुणा पुरवठ्यावरच ठरतात.

आम्ही काय काय केलं

काकांनी बजावलं, "एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही." म्हणून प्रत्येक बदलानंतर ती मुलगी चार वेळा मोजायची आणि सगळ्यात मोठ्या व सगळ्यात लहान आकड्यातला फरक फळ्यावर लिहायची.

१. मोटरला वेगळे सेल दिले. सगळ्यात मोठा फरक यानेच पडला.

२. आयसीच्या पुरवठ्याच्या दोन पिनांना अगदी चिकटून १०४ चा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला. नळाचा दाब कमी-जास्त झाला तरी ओट्यावरच्या माठातून पाणी मिळतं, तसंच हे. पण माठ ओट्यावरच हवा, अंगणात ठेवून उपयोग नाही.

३. ५५५ च्या पाचव्या पिनेपासून ग्राउंडला १०३ चा कंडेन्सर लावला. ती पिन थेट वरच्या खुणेशी जोडलेली असते. आम्ही ती मोकळीच सोडली होती.

४. लांब लोंबणाऱ्या वायरी कापून आखूड केल्या आणि डिस्प्लेची वीज वेगळ्या वायरीने सेलच्या डब्यापासून नेली. आकडा १ चा ८ झाला की जास्त वीज ओढली जाते, तो झटका आता आयसीपर्यंत कमी पोचतो.

शेवटी आकडे आले २०.५, २०.६, २०.५, २०.६. अजूनही चुकीचेच! पण आता चूक एकसारखी होती. छोटा प्रीसेट फिरवून ती अर्ध्या तासात गेली. आधी प्रीसेट फिरवत बसलो असतो तर आठवडा गेला असता.

टाळ्यांचा खेळ

भिंतीवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. वर्गात करून बघा. पाच मुलं रांगेत उभी करा. पहिला टाळ्या वाजवतो, दुसरा दर दोन टाळ्यांनी हात वर करतो, तिसरा दुसऱ्याच्या दर दोन हातांनी. पाचव्याचा हात १६ टाळ्यांनी एकदा वर जातो. एखादी टाळी जरा मागेपुढे झाली तरी सोळा टाळ्यांच्या मानाने ती चूक छोटी दिसते. पण पहिलाच घाईत असेल तर पाचवाही घाईतच! निम्मं केल्याने अडखळणं झाकलं जातं, घाई जात नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी वर्गासमोरच सांगितलं, "त्या दिवशी तिचे आकडे खरे होते. मी न तपासता बोलले, चुकले." ती हसली नाही, नुसती मान हलवली. पण प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं तेव्हा पाचव्या पिनेबद्दल तिनेच सांगितलं.

आता वही तपासताना उत्तर चुकलेलं दिसलं की मी आधी बघते, चूक दर वेळी तीच आहे की वेगवेगळी? तीच असेल तर एखादी कल्पना समजायची राहिलेली असते, ती समजावता येते. रोज वेगळी असेल तर मुलाला ओरडण्याआधी आजूबाजूला काय थरथरतंय ते शोधायचं. घरी, वर्गात, कधी माझ्या आवाजातही.