एक जूनची माणसं

पेपरातला 'दिनविशेष' हा कॉलम मी लहानपणापासून न चुकता वाचतो. आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे लढाई झाली, कोणी सेंच्युरी मारली. दोन ओळींत लढाई आणि तिसऱ्या ओळीत नटीचा वाढदिवस, असा तो सगळा मामला. आणि एखादी जोडी जमली की आपण उगाचच खूश होतो.

उदाहरण द्यायचं तर 25 जून घ्या. 1932 साली त्या दिवशी लॉर्ड्सवर भारताची पहिलीवहिली कसोटी सुरू झाली. आणि बरोबर 51 वर्षांनी, 25 जून 1983 ला, त्याच मैदानावर कपिलच्या टीमने वर्ल्ड कप उचलला. दोन्ही दिवशी शनिवार! अंगावर काटा येतो की नाही? पण जरा थंड डोक्याने बघा. इंग्लंडात उन्हाळ्यात लॉर्ड्सवर मोठी मॅच ठेवायची, आणि तीही शनिवार धरून, ही जुनी पद्धत. जूनमध्ये शनिवार असतात चार, फार तर पाच. म्हणजे योगायोग आहेच, पण वाटतो तेवढा मोठा नाही. तारखा आपोआप कमी जुळतात, कोणीतरी जुळवायची सोय करून ठेवलेली असते. (आणीबाणीसुद्धा 25 जूनचीच, 1975 ची. पण ती बुधवारी रात्री. तिला लॉर्ड्सचं वेळापत्रक लागत नव्हतं.)

पण हे सगळं प्रास्ताविक. मला लिहायचंय ते 1 जूनबद्दल.

काही वर्षांपूर्वी मी पेन्शनच्या एका प्रोजेक्टवर होतो. सरकारी कर्मचाऱ्यांचा जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणायचा, एवढंच काम. म्हणजे म्हणायला एवढंच. आमच्या टीममध्ये बंगलोरची एक फार हुशार टेस्टर होती. तिने एक दिवस बग टाकला, तोही हाय प्रायॉरिटी. म्हणे, जन्मतारखेच्या कॉलममध्ये कुठूनतरी डिफॉल्ट व्हॅल्यू शिरतेय. तिने ग्राफच काढला होता. वर्षभराच्या तारखांचे सगळे खांब बुटके, आणि मध्येच 1 जूनचा खांब कुतुबमिनारासारखा उभा.

टीममधली मराठी मंडळी खो खो हसायला लागली. एकाचे वडील 1 जूनचे. दुसऱ्याचे सासरे आणि त्यांचे दोन भाऊ, तिघेही 1 जूनचे. ती बिचारी आमच्याकडे बघतच राहिली. बग 'ॲज डिझाइन्ड' म्हणून बंद केला. तिने विचारलं, "पण डिझाइन कोणाचं?"

डिझायनर आमच्या घरीच आहे. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, त्यातली सुरुवातीची वर्षं पाटण तालुक्यातल्या डोंगरात. त्यांनी किती पोरांना 1 जूनला जन्माला घातलं असेल त्याची मोजदाद नाही.

अण्णा सांगतात त्याप्रमाणे कारभार असा. जून उजाडला की शाळा सुरू. पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण हवीत. जन्माचा दाखला कोणाकडेच नाही, कारण बाळंतपण घरात, आणि ग्रामपंचायत दोन डोंगर पलीकडे. (जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदासुद्धा 1969 चा.) मग पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला की झाली सहा वर्षं! पण जनरल रजिस्टरमध्ये तारीख तर लिहायलाच हवी, रकाना मोकळा सोडता येत नाही. आजच्या तारखेला सहा पूर्ण असं धरून सहा वर्षं मागे जायचं, आणि लिहायचं 1 जून. सगळ्यांत सोपी आणि नियमात चोख बसणारी तारीख.

"पहिली दोन वर्षं मी विचारायचो," अण्णा म्हणतात. "आई म्हणायची भात काढणीला झाला. बाप म्हणायचा नाही, पेरणीला. त्यांचं भांडण लागायचं, मागे रांग उभी. मग सोडून दिलं."

अपवाद एकच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या सुमाराला जन्मलेली पोरं 1973-74 साली शाळेत आली तेव्हा त्यांच्या आयांना सगळं लख्ख आठवत होतं. एका मुलीचं बारसं भूकंपाच्या आदल्या दिवशी झालेलं. अण्णांनी बोटं मोजली आणि लिहिलं, 29 नोव्हेंबर. त्यांच्या रजिस्टरमधल्या खऱ्या तारखा त्या एवढ्याच. घरं पडली त्यांच्या पोरांना वाढदिवस मिळाला.

आता गंमत अशी, की अण्णा स्वतःसुद्धा 1 जूनचेच. 1 जून 1948. आणि दिनविशेषवाल्यांसाठी सांगतो, नेमक्या त्याच दिवशी आपली एसटी सुरू झाली, पहिली गाडी नगरहून (आताचं अहिल्यानगर) पुण्याला गेली. डेक्कन क्वीनसुद्धा 1 जूनचीच, 1930 ची. तिचा तर दरवर्षी पुणे स्टेशनवर केक कापतात. अण्णा म्हणतात, "मी आणि एसटी जुळी भावंडं, फक्त ती खरी 1 जूनची."

कारण आजीला त्यांचा जन्म चांगला आठवत होता. झेंडा लागला तेव्हा हा पोटात होता, गौरी जेवल्या त्या रात्री झाला, आणि गांधीबाबांना मारलं तेव्हा नुकता पालथा पडायला लागला होता. एवढ्यावरून हिशोब सरळ आहे. 1947 साली अधिक श्रावण होता, त्यामुळे गौरी-गणपती उशिरा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात. म्हणजे मास्तरांनी अण्णांना आठ महिन्यांनी लहान केलं.

आणि त्याने फरक पडतो. खरी तारीख असती तर अण्णा 58 पूर्ण करून सप्टेंबर 2005 अखेर निवृत्त झाले असते. आता नियमातली मेख बघा. (मी हा कोड स्वतः लिहिलाय म्हणून पाठ आहे.) माणूस ज्या महिन्यात 58 चा होतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे 1 जूनवाले सगळे 31 मे ला घरी. दरवर्षी 31 मे ला महाराष्ट्रातली सरकारी ऑफिसं हारतुऱ्यांनी भरतात ती यामुळेच.

शिक्षकांची त्यात वेगळीच पंचाईत. 31 मे ला शाळेला सुट्टी. अण्णांचा निरोप समारंभ झाला, पण बिनपोरांचा. केंद्रप्रमुख, चार शिक्षक, नारळ, शाल. 31 मे 2006. वर्गाला कुलूप होतं. अण्णांनी शिपायाकडून किल्ली मागून घेतली आणि आत जाऊन खडूचा डबा कपाटात ठेवला. मी दारात उभा होतो. पगाराचे आठ महिने फायद्यात मिळाले असं आम्ही सगळे म्हणत होतो. ते काही बोलले नाहीत.

हल्ली 1 जूनला सकाळपासून त्यांचा फोन वाजत असतो. अर्ध्या शुभेच्छा जुन्या विद्यार्थ्यांच्या, ज्यांचा स्वतःचा वाढदिवसही त्याच दिवशी! "तुम्हालाही," अण्णा म्हणतात.

माझी आत्या अण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. ती शाळेत गेली नाही, अण्णांना सांभाळायला घरीच राहिली. त्यामुळे तिला 1 जूनसुद्धा मिळाला नाही. साठ-पासष्ट वर्षं तिचं तारखेवाचून काही अडलं नाही. मग आधार कार्ड आलं. कॅम्पमधल्या पोराने विचारलं, जन्मतारीख? ती म्हणाली, म्हाईत न्हाई. त्याने अंदाजे वय टाकलं, आणि मशीनने 1 जानेवारी धरला. आता डेटा बघताना मला हे दोन खांब वेगळे दिसतात. 1 जूनचा खांब शाळेच्या दारापर्यंत पोचलेल्यांचा. 1 जानेवारीच्या खांबात आत्यासारखी बरीच माणसं, त्यातही बायका जास्त असाव्यात असा माझा कयास आहे.

आजी असताना मी तिला आत्याबद्दलही विचारलं होतं. अण्णांच्या वेळचं तिला झेंड्यापासून गौरीपर्यंत सगळं आठवत होतं. आत्याचं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाऊस व्हता त्या दिशी."

वहीत तेवढंच लिहून ठेवलंय.